ऑटोमॅटिक कारमधले पी, आर, एन, डी म्हणजे काय? आणि गाडीत 'पी' नसेलच तर?

सीबीडी बेलापूरमध्ये कोकण भवन आणि रेल्वे स्टेशनचा परिसर सपाट आहे. तिथून पारसिक हिलकडे वळलं की मात्र चढ सुरू होतो. मॅन्युअल गाडी चालवणारे अशा रस्त्यावर गाडी लावताना हँडब्रेक ओढतात आणि गिअर टाकून ठेवतात. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं आणि दांड्याजवळ आकड्यांऐवजी अक्षरं असतात. मग उतारावर गाडी धरून कोण ठेवतं?

पी म्हणजे पार्क
यात गिअरबॉक्समधला एक छोटा धातूचा खिळा दातेरी चाकात अडकतो आणि इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते ती चाकं जखडली जातात. उतारावर फक्त 'पी' लावून ब्रेक सोडला, तर गाडीचं सगळं वजन या खिळ्यावर येतं. पुढच्या वेळी दांडा 'पी'मधून काढताना झटका बसतो तो यामुळेच. म्हणून क्रम असा ठेवावा: पायाचा ब्रेक दाबून 'एन', मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडी स्थिर झाली की पुन्हा ब्रेक दाबून 'पी'.

आर म्हणजे रिव्हर्स
गाडी मागे नेण्यासाठी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'डी'मधून 'आर'मध्ये जाऊ नये, गिअरबॉक्सचं नुकसान होतं.

एन म्हणजे न्यूट्रल
इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना असते. पण आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन बहुतेक वेळा बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. शिवाय इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा ताण ब्रेकवर येतो.

डी म्हणजे ड्राइव्ह
वेगानुसार गाडी गिअर आपोआप बदलते. सायन-पनवेल महामार्गावरच्या कोंडीत थोड्या वेळासाठी थांबताना 'डी'मध्येच ब्रेक दाबून धरला तरी चालतं.

एल, एस, २ किंवा एम
ही अक्षरं गाडीनुसार बदलतात. 'एल' किंवा '२'मध्ये गाडी खालच्या गिअरमध्ये राहते, तर 'एम'मध्ये गिअर चालक निवडतो. लांब उतारावर यांचा खरा उपयोग होतो: इंजिनच गाडीला रोखतं आणि ब्रेक तापत नाहीत. 'एस' म्हणजे बहुतेक गाड्यांत स्पोर्ट मोड.

'पी' नसलेली गाडी
2014 मध्ये मारुती सुझुकीची सेलेरिओ एएमटीसह बाजारात आली आणि हे तंत्रज्ञान परवडणाऱ्या गाड्यांत रुळलं. एएमटी म्हणजे मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं ही कामं यंत्रणा करते. अशा अनेक गाड्यांत 'पी' नसतोच. आर, एन, डी आणि एम एवढंच असतं. अशी गाडी 'एन'मध्ये ठेवून चालक उतरला, तर तिला फक्त हँडब्रेक धरून असतो. तो सैल असेल तर गाडी घरंगळू शकते.

म्हणून एएमटी गाडी मॅन्युअलसारखीच लावायची. हँडब्रेक घट्ट ओढावा आणि गिअर टाकूनच इंजिन बंद करावं. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर 'डी', उताराकडे असेल तर 'आर'. पुढची चाकंही अशी वळवून ठेवावीत की गाडी सरकलीच तर फुटपाथच्या कडेला अडेल. नेमकी पद्धत प्रत्येक मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

चढावर निघतानाही काळजी हवी. हिल होल्डची सोय नसेल तर ब्रेकवरून पाय काढताच एएमटी गाडी थोडी मागे येऊ शकते. हँडब्रेक लावून हलकं अ‍ॅक्सिलरेटर द्यावं आणि गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडावा.

गाडी नवीन असो वा मित्राकडून मागून आणलेली, चढाच्या रस्त्याला लागण्याआधी एकदा दांड्याजवळची अक्षरं पाहावीत. तिथे 'पी' नसेल, तर गाडीतून उतरण्याआधी गिअर टाकायची जबाबदारी चालकाचीच.