मँचेस्टरचे वार्तापत्र : ‘टी’चे बोलावणे

जळगाव-धुळ्याकडून इकडे शिकायला येणाऱ्या पोरांना इंग्रजी येत नाही, असे आता कोणी म्हणू नये. प्रबंध लिहितात, मुलाखती देतात. अडतात ती ‘टी’पाशी. शेजारीण सांगते, सहाला ‘टी’ला ये. पोरगा घरी खिचडी खाऊन, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन जातो, तर टेबलावर मांस भरलेला ‘पाय’ (pie), बटाटे, वाटाणे आणि शेवटी पुडिंग. उत्तर इंग्लंडात कष्टकऱ्यांच्या घरी ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण. त्यात चहाचा कप असला तर असला.

मग प्यायच्या चहाला काय म्हणायचे? मँचेस्टरात त्याला ‘ब्रू’ म्हणतात. दुपारचे जेवण ते ‘डिनर’. म्हणून शाळेत वाढणाऱ्या बायका ‘डिनर लेडीज’. आणि झोपण्याआधी टोस्ट, कोको असे काही तोंडात टाकले तर ते ‘सपर’. लंडनच्या सुखवस्तू घरात मात्र याच ‘सपर’चा अर्थ रात्रीचे साधे घरगुती जेवण. एकाच देशात घड्याळ एक आणि जेवणांची नावे दोन तऱ्हेची.

यामागे गिरणी आहे. पाळी सुटून थकलेला माणूस घरी आला की त्याला लगेच पोटभर गरम काहीतरी आणि सोबत कडक चहा लागे. रात्री आठ-नऊपर्यंत थांबणे नोकरचाकर असलेल्यांनाच परवडे. या गिरण्यांशी आपलेही नाते आहे. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरने हिंदुस्थानी कापूस मागवला. खानदेशातही कापसाला सोन्याचा भाव आला. पण पश्चिम हिंदुस्थानचा सगळा कापूस इथे ‘सुरत’ या एकाच नावाने ओळखला जाई. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. तो सारखा तुटे, त्यामुळे विणकरांची मजुरी बुडे. शेवटी ‘सुरत’ म्हणजे कुठलाही भिकार माल, असाच अर्थ इथल्या बोलीत रुजला. आपल्या घामाला असे नाव मिळाले, हे इथल्या संग्रहालयांतून हिंडताना विसरता येत नाही.

वरच्या वर्गाचा ‘आफ्टरनून टी’ हे वेगळेच प्रकरण. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने दुपार आणि रात्रीच्या जेवणांमधल्या भुकेवर चहा-केकचा उतारा काढला, असे सांगतात. चिमुकली सँडविचे, पातळ कप. याउलट ‘हाय टी’ हे गिरणीवाल्यांच्या पोटभर जेवणाचेच एक नाव. आपल्याकडची हॉटेले मोठ्या दिमाखात ‘हाय-टी’ची पाटी लावतात, तेव्हा हसू येते. डेव्हन-कॉर्नवॉलच्या ‘क्रीम टी’त तर स्कोनवर आधी साय की आधी जॅम, यावरून दोन जिल्ह्यांचे हाडवैर. डेव्हनमध्ये साय आधी.

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. ‘भाकर खाल्ली का?’ असे खेड्यात विचारतात, तेव्हा कोणी फक्त भाकरीचा हिशेब मागत नसतो. आणि सरकारी कचेरीतले ‘चहापाणी’ कोणाला समजावून सांगावे लागते? फरक एवढाच की इथे या शब्दावरून माणसाची पायरी ठरते. आपल्याकडे आडनाव विचारून काय ते हेरतात. इंग्रज तसे कधीच विचारणार नाही, पण संध्याकाळच्या जेवणाला तुम्ही ‘टी’ म्हणता, ‘डिनर’ म्हणता की ‘सपर’, हे कानात टिपून ठेवील. बापाच्या घरी ‘टी’ आणि लंडनच्या नोकरीत ‘डिनर’, असे दोन्ही जपणारे लोक इथे पुष्कळ आहेत. माझ्या मते इंग्लंडची वर्गव्यवस्था समजायला राजवाड्यापेक्षा स्वयंपाकघर बरे.

तेव्हा ज्यांची मुले यंदा लीड्स, मँचेस्टर, शेफिल्डला निघाली आहेत त्यांनी एवढे सांगून पाठवावे : नुसते ‘टी’ला बोलावले आणि वेळ पाच-सहाची असली, तर पोटात जागा ठेवून जा आणि शाकाहारी असाल तर आधीच सांगा. ‘कप ऑफ टी’ म्हणाले, तर घरी जेवून निघा.