हवेंतील काजळी कोणाची?

(नभोवाणीवरील भाषण)



थंडीच्या दिवसांत सकाळीं गच्चीवरून पाहिलें म्हणजे क्षितिजालगत एक तपकिरी, मळकट पट्टा पसरलेला दिसतो. त्यास आपण कधीं धुकें म्हणतों, कधीं धूर म्हणतों, आणि बहुधा मोटारींच्या नांवानें बोटें मोडून मोकळे होतों. परंतु हा मळ वस्तुतः कोणाचा? मोटारीचा, गिरणीचा, कीं चुलीचा? हें केवळ तर्कानें नव्हे, तर पुराव्यानें ठरवितां येतें. तो पुरावा कसा मिळवितात, तें आज थोडक्यांत पाहूं.

या पट्ट्यांत माती, मीठ आणि गंधकाचे क्षार असतातच. पण त्यांतील मोठा भाग सेंद्रिय कणांचा, म्हणजे कर्बयुक्त द्रव्यांचा असतो. कर्ब म्हणजे कार्बन या नांवानें आपणांस परिचित असलेलें मूलद्रव्य. हे कण इतके बारीक कीं, माणसाच्या केसाच्या जाडींत त्यांतले वीस-पंचवीस शेजारीं शेजारीं मावतील. म्हणून ते नाकांत न अडतां फुप्फुसांच्या तळाशीं जाऊन बसतात. त्यांच्या दोन जाती आहेत. कांहीं कण धुराबरोबरच बाहेर पडतात. कांहीं मात्र हवेंतच जन्मतात. वाफेच्या रूपानें उडालेलीं द्रव्यें सूर्यप्रकाशांत ओझोनसारख्या तीव्र वायूंशीं संयोग पावतात, जड होतात व त्यांचे कण बनतात. वृक्षांच्या सुगंधी वाफांपासूनहि असें घडतें, हा विचार फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडला. दूरच्या रानावर दिसणारी निळसर झांक कित्येकदां झाडांचीच करणी असते.

हें सर्व हवेंत एकजीव झाल्यावर कोणता कण कोणाचा, हें ओळखावें कसें? प्रत्येक धूर आपली एखादी खूण मागें ठेवीत असतो. लांकूड जळतांना त्यांतील सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नांवाचें शर्करेसारखें द्रव्य होतें; तेलाच्या एंजिनांत तें होत नाहीं. उलट, होपेन नांवाचीं द्रव्यें खनिज तेलांतून व कोळशांतून येतात. मांस भाजल्याच्या धुरांत कोलेस्टेरॉल सांपडतें. पण हे साक्षीदार सर्वकाळ टिकत नाहींत. लेव्होग्लुकोसान हवेंत हळूहळू नाश पावतें. म्हणून दूरवरून आलेल्या हवेंत तें थोडें सांपडलें, यावरून चुलीहि थोड्या होत्या असें म्हणतां येत नाहीं.

याहून खंबीर साक्ष खुद्द कर्बाच्याच पोटांत आहे. अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळें वातावरणांत कर्बाचा एक किरणोत्सर्गी प्रकार सतत तयार होत असतो. तो वनस्पती हवेबरोबर शोषून घेतात. त्याचें प्रमाण एक लक्ष कोटि अणूंत सुमारें एक, इतकें अल्प असतें. वनस्पति मेली म्हणजे हा सांठा आटूं लागतो व ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. दगडी कोळसा व खनिज तेल कोट्यवधि वर्षें भूगर्भांत पडलेलें. त्यांत त्याचा लवलेशहि राहिलेला नसतो. यावरून हिशेब सोपा होतो. काजळींत हा कर्ब पूर्ण असेल तर ती लांकूड, शेण, काडीकचरा यांची. मुळींच नसेल तर कोळशाची वा तेलाची. आणि निम्मा असेल तर दोघांची सारखी. विलर्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं या तत्त्वानें प्राचीन वस्तूंचें वय काढून दाखविलें. त्यांच्यापैकीं जेम्स अर्नोल्ड यांनीं अन्य दोघांसह १९५५ सालीं हीच कसोटी हवेंतील काजळीस लावली.

आपल्या देशाच्या हवेविषयीं असाच एक वाद होता. इंधनाच्या खपावरून मांडलेले हिशेब चुलींकडे बोट दाखवीत. हवेंतील कणांच्या मोजमापांवरून बांधलेले अंदाज कोळसा व तेल यांच्याकडे. त्याचा निवाडा करण्यास सिंहगड उपयोगी पडला. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून उंच असलेल्या या गडावर एखाद्याच गल्लीचा धूर न येतां दूरवरच्या मुलुखाची हवा येते. तेथील आणि मालदीव बेटांवरील हिवाळी हवा गाळून गुस्ताफसन प्रभृति शास्त्रज्ञांनीं तिच्यांतील कर्ब तपासला. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकंदर कर्बकणांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश जैव इंधनाचे. निव्वळ काजळीपुरतें पाहिलें तर, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणें, हा वांटा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरला.

हें प्रमाण शहरांतील रहदारीच्या रस्त्यास लावूं नये. तेथें तेलाचा वांटा मोठा असणारच. शिवाय हा कर्ब ‘ताजा’ आहे, एवढेंच ही कसोटी सांगते. तो चुलींतला, वणव्यांतला, कीं झाडांच्या वाफेंतला, हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं पूर्वोक्त खुणा पुन्हां विचाराव्या लागतात. कर्बाचा आणखी एक जड परंतु स्थिर प्रकार आहे. तो ज्वारी, मका व ऊस यांच्या अंगीं लांकडाहून किंचित् अधिक असतो. म्हणून कडबा व पाचट जळालें, कीं लांकूड व तुराट्या, याचाहि सुगावा लागतो. एक साक्षीदार पुरत नाहीं. अनेकांच्या जबान्या जुळाव्या लागतात.

या खटपटीचें प्रयोजन उघड आहे. निदान चुकलें तर औषधहि चुकतें. केवळ मोटारींवर निर्बंध घातल्यानें चुलीचा धूर कमी होणार नाहीं, आणि चुलीस दोष देऊन मोटारवाल्यांची सुटका होणार नाहीं. चुलीचा धूर क्षितिजावर जाण्यापूर्वीं तिच्यापुढें बसलेल्या स्त्रीच्या छातींत जातो. गरीब घरांत गॅस पोंचविण्यासाठीं २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाली. परंतु शेगडी घरांत येणें आणि दुसरी टांकी भरून आणण्यास पैसे हातीं असणें, यांत अंतर आहे. शहरांत अंगणांत पेटविलेला पालापाचोळाहि याच ‘ताज्या’ कर्बाच्या खात्यांत जमा होतो, हेंहि आपण विसरूं नये.

एक गोष्ट मात्र आशादायक आहे. कर्बवायु हवेंत शतकानुशतकें रेंगाळतो. काजळी पावसाबरोबर थोड्याच दिवसांत खालीं येते. तेव्हां ज्या दिवशीं ती उत्पन्न होणें थांबेल, त्यानंतरच्या कांहीं आठवड्यांतच आकाश त्याची पोंच देईल.