रेडिओच्या बटणांवरील पुसलेलीं अक्षरें

जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर परभणी जिल्ह्यांत देवगाव फाटा लागतो. 'फाटा' म्हटला कीं दिशा दाखविणारी पाटी आलीच. आणि अशा पाटीवरचीं अक्षरें उन्हापावसानें उडालीं, तर नवख्या वाटसरूस उभें राहून कोणास तरी विचारावें लागतें. गांवच्या माणसाचें तिच्यावांचून कांहींच अडत नाहीं. घरांतल्या जुन्या रेडिओच्या बटणांवरील अक्षरांची कथा हीच आहे. ज्या हातांनीं तीं बटणें तीस-चाळीस वर्षें फिरविलीं, त्या हातांना अक्षरांची गरज उरली नव्हती. किंबहुना त्या हातांनींच तीं झिजविलीं. आतां ते हात थकले आहेत किंवा राहिले नाहींत, आणि पुढल्या पिढीसमोर तीन-चार मुकीं बटणें तेवढीं उरलीं आहेत.

मराठवाड्यांतील घरांत रेडिओ हा केवळ करमणुकीचा जिन्नस नव्हता. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. हैदराबादचें केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारच्या हातीं आलें, आणि औरंगाबादेसही त्या राजवटींत एक केंद्र चालत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें माघार घेतली, ती वार्ता नभोवाणीवरूनच लोकांच्या कानीं पडली. पुढें १९६८ सालीं खुद्द परभणीस आकाशवाणीचें केंद्र झालें. एवढ्या घडामोडी ज्या संचाचा कान पिळून घरच्या वडील मंडळींनीं ऐकल्या, तो संच माळ्यावरून खालीं उतरला म्हणजे त्याचें काय करावें, असा प्रश्न पडतो. कोणी तो भंगारवाल्यास देतात. कोणी त्याला नवें रोगण चढवून, नव्या धर्तीचीं चकचकीत बटणें बसवून, बैठकीच्या खोलींत शोभेसाठीं मांडतात. आमच्या मतें या दोन्ही वाटा सारख्याच नुकसानीच्या होत. पहिल्या वाटेनें वस्तु जाते, दुसऱ्या वाटेनें तिची ओळख जाते. पुसलेलीं अक्षरें पूर्वीं होतीं तशींच भरून काढणें ही तिसरी वाट आहे, आणि ती घरच्या घरीं, थोड्या पैशांत व पुष्कळ धीरानें साधण्यासारखी आहे.

प्रथम एक इशारा. काम हातीं घेण्यापूर्वीं संचाची वीज बंद करून तारेचें टोंक भिंतींतून काढून ठेवावें. दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या कांहीं संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा 'एसी-डीसी' संचाच्या आंतील लोखंडी सांगाड्याचा विजेच्या एका तारेशीं थेट संबंध असतो. बटण ज्या बारीक स्क्रूनें दांड्याला जखडलेलें असतें, त्या स्क्रूंतही मग वीज खेळूं शकते. म्हणूनच कारखान्यांत कित्येकदां स्क्रूचें भोंक मेणानें बुजवीत असत. तें मेण म्हणजे साचलेला मळ असें समजून लोक तें कोरून टाकतात. तसें केल्यास काम संपल्यावर तें पुन्हां भरावयास विसरूं नये. बटण काढलेल्या स्थितींत संच कधींही चालूं करूं नये.

बाजूस स्क्रू असेल तर तो बेताच्या पेचकसानें सैल करावा. गंजला असल्यास पातळ तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी. स्क्रू नसेल तर बटण नुसतें दाबून बसविलेलें आहे असें समजावें. अशा बटणामागें सुती फडक्याची पट्टी घालून तिचीं दोन्ही टोकें सारख्या जोरानें ओढावीं. पेचकस खुपसून उचकटल्यास पेटीवर ओरखडा उठतो आणि बटणही तडकतें.

त्यानंतर अक्षरें कोणत्या जातीचीं आहेत तें पाहावें. दिवा तिरपा धरून बटणावरून नख हळूंच फिरविलें, तर कोरलेलें अक्षर नखाला लागतें. छापलेलें लागत नाहीं. बेल्जियममध्यें जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं अमेरिकेंत शोधून काढलेलें बेकलाइट हें फार दिवस या बटणांचें मुख्य द्रव्य होतें. फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून तें होतें, आणि त्यांत भर म्हणून बहुधा लाकडाचा भुसा घातलेला असतो. त्याची वरची तुकतुकीत पापडी झिजली कीं आंतला भुसा पाणी पितो व बटण निस्तेज होतें. म्हणून बटणें पाण्यांत भिजत टाकूं नयेत. कोमट पाण्यांत सौम्य साबण घालून, दांत घांसण्याचा मऊ ब्रश त्यांत बुडवून झटकून घ्यावा व मळ काढून बटण लगेच पुसावें. देवघरांतील पितळेला चालणारी चिंच, राख वा रांगोळी येथें चालत नाहीं. तिनें चरे पडतात. स्पिरिट, पेट्रोल किंवा नखांचा रंग उतरविण्याचें द्रव्य यांपैकीं कांहींही लावूं नये. छापील अक्षरांना तर ओलसर कापसाच्या बोळ्याहून अधिक कांहीं लावूं नये, कारण उरलीसुरलीं अक्षरें मळाबरोबरच निघून जातात. यासाठीं धुण्यापूर्वींच प्रत्येक बटणाचें छायाचित्र घ्यावें, आणि अक्षरांची उंची व जागा कागदावर टिपून ठेवावी.

कोरलेलें अक्षर भरणें सोपें आहे. पांढऱ्या तैलरंगांत पिवडीची किंचित् छटा मिसळावी. कारण जुना पांढरा रंग काळानें पिवळसर झालेला असतो, आणि एकच अक्षर शुभ्र झालें कीं तें शेजारच्यांत उपरें दिसतें. दांत कोरण्याच्या काडीनें रंग खांचेंत दाबून बसवावा. पांच-सात मिनिटांनीं एका ताठ पुठ्ठ्यास फडकें गुंडाळून, त्यास टर्पेंटाइनचा नुसता वास लावावा व तें अक्षरावरून आडवें ओढावें. वरचा रंग निघतो, खांचेंतला राहतो. मऊ बोळा वापरल्यास तो खांचेंत शिरून आंतला रंगही उचलून आणतो. नंतर एक संपूर्ण दिवस बटणास हात लावूं नये. पुढें फिकट रंगाच्या प्लॅस्टिकचीं बटणें निघालीं, त्यांतील कांहींवर टर्पेंटाइननें बारीक भेगा पडतात. तेथें पाण्यांत कालविण्याचा रंग घ्यावा. कोणतेंही द्रव्य असो, आधीं बटणाच्या आंतल्या कडेवर त्याची परीक्षा करावी. रंगाची धास्ती वाटत असेल तर मुलांच्या पांढऱ्या मेणाच्या खडूनेंही हें काम होतें. तो रंगाइतका टिकत नाहीं. परंतु चुकल्यास सहज काढतां येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

छापील अक्षर हातानें गिरविण्याचा मोह मात्र आवरावा. कितीही सुंदर वळण असलें तरी तें छापाशीं जुळत नाहीं. पाण्यांत भिजवून कागदावरून सरकवीत बसवावयाचीं अक्षरें हल्लीं छापून घेतां येतात. त्याच जातीच्या दुसऱ्या संचाचा नमुना समोर ठेवून तीं करावीं व वर पातळ रोगणाचा एक हात द्यावा.

आतां खरा नाजूक प्रश्न. एखाद्या बटणावरील अक्षर अगदींच नाहींसें झालें असेल तर तेथें काय लिहावें? ज्या बटणानें आवाज खर्जांत उतरतो किंवा तीव्र होतो तें स्वर बदलण्याचें; ज्याच्या प्रत्येक वळणास खटका बसतो व त्यासरशीं सगळीं केंद्रें बदलतात तें लहरींचें. एवढें कानानें ठरतें. परंतु तेथें मूळ शब्द कोणता होता तें कानानें ठरत नाहीं. ठाण्याच्या कारखान्यांतील मर्फी आणि दुसऱ्या कंपनीचा संच यांवरील शब्द, अक्षरांची ठेवण, खुणेचा ठिपका किंवा रेघ सारखीं असतीलच असें नाहीं. नमुना मिळेपर्यंत जागा कोरी ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोरी जागा पाहणाऱ्यास फसवीत नाहीं.

तबकडीच्या कांचेवर घरच्या कोणी पेन्सिलीनें केलेली खूणही खोडूं नये. परभणीचें केंद्र मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला ऐकूं येत आलें आहे. मीटरच्या तबकडीवर ही जागा २३० च्या जवळ पडते. नोव्हेंबर १९७८ मध्यें आशिया, युरोप व आफ्रिका खंडांतील मध्यम लहरींच्या केंद्रांना नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानें नव्या जागा दिल्या गेल्या. त्यापूर्वींची खूण यामुळें किंचित् सरकलेली आढळेल. ती खूण चुकीची नव्हे. ती त्या दिवशीं खरी होती, आणि घरांतल्या कोणाचें तरी तें हस्ताक्षर आहे.

ज्या घरांत दृष्टि मंदावलेल्या आजी किंवा आजोबा आहेत, तेथें या कामास आणखी एक अर्थ येतो. आवाज वाढविण्यासाठीं दर वेळीं नातवास हांक मारणें मानी माणसास जड जातें, आणि पुष्कळदां ते रेडिओ ऐकणेंच सोडून देतात. त्यांच्यासाठीं खुणेच्या रेघेवर मेणाचा मुगाएवढा उंचवटा द्यावा; तो बोटाला कळतो आणि पुढें कधीं नको झाल्यास निघतोही. मूळ बटणावर मोठीं देवनागरी अक्षरें रंगविण्यापेक्षां पेटीच्या खालीं एक सुटी पट्टी ठेवून तीवर 'आवाज', 'केंद्र' असें ठळक लिहावें.

शेवटीं एका चिठ्ठीवर कोणतें अक्षर जुनें, कोणतें आपण भरलें, कोणत्या द्रव्यानें व कोणत्या तारखेस, हें लिहावें. पूर्वीं रेडिओस पोस्टांतून परवाना घ्यावा लागे. त्याचें पुस्तक ज्या घरीं जपलेलें असेल, त्यांनीं ही चिठ्ठी त्याच पुस्तकांत ठेवावी.