पाचदा 'मिडलवेअर'

'मिडलवेअर' हा एकच शब्द, मध्ये अपूर्णविराम देत, विनंतीसोबत जाणाऱ्या हेडरमध्ये पाच वेळा लिहायचा. एवढ्यावर ॲडमिनसाठी राखून ठेवलेलं पान कोणासमोरही उघडायचं. पासवर्डची गरजच नाही! नेक्स्ट जेएस या वेब फ्रेमवर्कमधली ही फट मार्च २०२५मध्ये जाहीर झाली. तिचं गांभीर्य दहापैकी ९.१ ठरलं.

खरी गंमत तिच्या कारणात आहे. साइटवर येणारी विनंती आधी मिडलवेअर नावाच्या टप्प्यातून जाते आणि 'लॉग-इन झालंय का?' ही तपासणी बरेच डेव्हलपर तिथेच ठेवतात. पण मिडलवेअर स्वतःही त्याच साइटला विनंती करू शकतं. ती पुन्हा मिडलवेअरमधून जाणार, तिथून आणखी एक निघणार, आणि सर्व्हर गरगरत बसणार. म्हणून दर फेरीला हेडरमध्ये मिडलवेअरचं नाव जोडलं जाई. पाच नावं भरली की फ्रेमवर्क म्हणे, फेऱ्या पुरे, हिला सरळ पुढे सोडा. तपासणी अर्थातच वगळून.

आता हेडर काय, विनंती पाठवणारा कोणीही लिहितो. बाहेरच्याने पहिल्याच विनंतीला ती पाच नावं चिकटवली की ती घरातलीच ठरे. कोडची प्रत्येक ओळ नेमून दिलेलं काम चोख करत होती आणि तरी दार उघडं होतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

दुरुस्ती अशी झाली: सर्व्हरने स्वतःपुरता एक गुप्त, यादृच्छिक क्रमांक तयार करायचा आणि तो सोबत नसेल तर हेडर काढून टाकायचा. झालं भलतंच. मिडलवेअरने एखाद्या परक्या साइटला विनंती केली की तो गुप्त क्रमांकही तिकडे पोचायचा! त्यासाठी लगोलग आणखी एक दुरुस्ती करावी लागली.

'मी आतला आहे' हे परक्याच्या तोंडून ऐकून कसं पटवून घ्यायचं, हा प्रश्न नाशिक रोडलाही पडतो. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ई-पासपोर्टच्या पुस्तिका तयार होतात. पुस्तिकेतल्या चिपमधल्या नाव, जन्मतारीख, छायाचित्र या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. आणि ती पडताळू शकणाऱ्या यंत्राला तशी सही करता मात्र येत नाही.

पण कोणी अख्खी माहिती सहीसकट दुसऱ्या चिपवर उतरवली तर? पासपोर्टांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत त्यावरही उपाय दिला आहे, आणि तो फारच देखणा आहे. वाचकयंत्र चिपला आयत्या वेळी एक यादृच्छिक संख्या देतं. चिप आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही करून उत्तर पाठवते. किल्ली मात्र चिपबाहेर पडतच नाही, त्यामुळे नक्कल करणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. कालचं उत्तर चोरून ठेवलं असेल तर तेही आज निरुपयोगी, कारण आजची संख्या निराळी असते.