आधी पत्र, मग पट्टा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

इथल्या भाडेकरारात प्राण्यांविषयी एक कलम असतंच. बऱ्याच इमारतींत कुत्र्या-मांजरांना बंदी असते, आणि जिथे परवानगी असते तिथे वेगळं डिपॉझिट आणि वर दरमहा ‘पेट रेंट’ मोजावं लागतं. तरीही बंदी असलेल्या इमारतीच्या लिफ्टमधून सकाळी एखादा भाडेकरू कुत्र्याला घेऊन उतरताना दिसतो आणि कोणी त्याला हटकत नाही. तो कुत्रा बहुधा ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ असतो. नैराश्य, तीव्र चिंता किंवा पीटीएसडी यांसारख्या आजारात ज्याच्या सोबतीनं माणूस सावरतो, असा प्राणी.

ही सोय ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’मधून आली. १९६८च्या या कायद्यात १९८८ साली अपंगत्वाचा समावेश झाला आणि मानसिक आजारही त्यात धरले गेले. गरज खरी असेल तर घरमालकाला प्राण्याला जागा द्यावी लागते, आणि त्यासाठी जादा डिपॉझिट किंवा पेट रेंट मागता येत नाही. मात्र कुत्र्यानं दरवाजा कुरतडला, तर त्याची भरपाई भाडेकरूनंच करायची. विद्यापीठांच्या वसतिगृहांबद्दल वाद होता. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या शाखेनं एका विद्यार्थिनीला कुत्रा ठेवू दिला नाही, तेव्हा सरकारच कोर्टात गेलं. हा कायदा विद्यार्थ्यांच्या घरांनाही लागू होतो, असं २०१३मध्ये कोर्टानं सांगितलं आणि २०१५मध्ये १ लाख ४० हजार डॉलर्सवर तडजोड झाली. आपल्याकडून इथे शिकायला येणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

हा हक्क घरापुरताच आहे. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा किंवा फिट येण्याआधी सावध करणारा ‘सर्व्हिस डॉग’ वेगळा. त्याला खास शिकवलेलं असतं आणि तो हॉटेलात, दुकानात कुठेही जाऊ शकतो. आधाराच्या प्राण्याला ती मुभा नाही. विमानात पूर्वी होती, पण जानेवारी २०२१पासून कंपन्यांवर तसं बंधन उरलेलं नाही.

लागतं ते एकच, परवानाधारक डॉक्टरचं किंवा थेरपिस्टचं पत्र. त्याचाही इथे बाजार झाला आहे. पैसे भरा की पाच मिनिटांत प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि कुत्र्याच्या अंगावर घालायचं जाकीटसुद्धा! खरं तर अशा प्राण्यांची कोणतीही सरकारी नोंदवही देशात नाही. म्हणून कॅलिफोर्नियानं २०२२पासून नियम केला की, कुत्र्यासाठी असं पत्र देण्याआधी रुग्णाशी किमान ३० दिवसांचा संबंध हवा आणि तपासणीही रीतसर झालेली हवी. मला हा नियम मनापासून पटतो. खोट्या कागदांमुळे घरमालक प्रत्येकाकडे संशयानं पाहतात, आणि त्याचा त्रास खऱ्या आजाऱ्याला होतो.

पत्र मिळालं तरी खरी तयारी पुढेच असते. आमच्या शेजारी राहणाऱ्या कोल्हापूरच्या एका मुलीच्या घरी ती मी पाहिली. तिनं आधी स्वयंपाकघर आवरलं. कांदे-बटाट्यांची जमिनीवरची टोपली वरच्या फळीवर गेली, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे. मनुका आणि द्राक्षं त्याहून घातक, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम पर्समधूनही हद्दपार झालं. मग बेडरूमच्या शांत कोपऱ्यात क्रेट ठेवला आणि त्यात जुनी चादर घातली. शेल्टरमधून आणलेली ती सात वर्षांची कुत्री पहिले तीन दिवस त्या चादरीवरून जेमतेम उठली. मुलगी घाबरली होती. पण शेल्टरवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की बुजरेपणा जायला तीन दिवस, घराची सवय व्हायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने. मायक्रोचिप, नसबंदी, रेबीजची लस, लायसन्स ही कामं त्या मानानं सोपी.

तिच्या थेरपिस्टनं विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटला. ज्या दिवशी तुलाच अंथरुणातून उठवणार नाही, त्या दिवशी हिला फिरवणार कोण? मुलीनं दोन मैत्रिणींना आधी विचारलं, घराची किल्ली दिली आणि मगच शेल्टरला होकार कळवला. व्हिसावर राहणाऱ्यांपुढे याहून मोठा प्रश्न असतो. एच-१बीवरची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. त्याला भारतात न्यायचं तर अ‍ॅनिमल क्वारंटाइनचं ना हरकत प्रमाणपत्र, आरोग्याचे दाखले आणि विमानाचा खर्च, हे सगळं आलं. याचा विचार न करता कुत्रा आणणं त्या मुक्या जिवावर अन्याय आहे, मग आपली गरज कितीही खरी असो.

तुमच्या मुलानं किंवा मुलीनं इथून फोनवर सांगितलं, की थेरपिस्ट कुत्रा पाळ म्हणताहेत, तर ‘हे काय नवीन खूळ’ असं कृपा करून म्हणू नका. तो आजार खरा असतो आणि तो सांगायला धीर लागतो. आधी नीट ऐकून घ्या. मग किल्ली कोणाकडे ठेवणार आहेस, तेवढं जरूर विचारा.