पाठीवर कवटी, हातात मदत

काळं जाकीट, धडधडणारी मोटारसायकल आणि पाठीवर कवटीचं चित्र. अमेरिकेच्या रस्त्यावर असा जथा दिसला तर कुणालाही वाटेल, ही गुंडांची टोळी! पण ते 'कॉम्बॅट व्हेटरन्स मोटरसायकल असोसिएशन'चे माजी सैनिकही असू शकतात.

मोटारसायकलचा शौक असलेल्या माजी सैनिकांनी २००१ साली ही संघटना सुरू केली. पूर्ण सदस्य व्हायचं तर युद्धक्षेत्रात सेवा केल्याचा पुरावा लागतो. गाडीही ५०० सीसी किंवा त्याहून मोठी हवी. ब्रीद साधं आहे: माजी सैनिकांनी माजी सैनिकांना मदत करायची. गरजूंना जेवण, कपडे, निवारा आणि योग्य सल्ला द्यायचा, त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांना हातभार लावायचा.

मग कवटी कशाला? ती दहशतीसाठी नाही. युद्ध मागे मृत्यू सोडून जातं, याची ती खूण आहे. बिल्ल्यावरचा लाल रंग सांडलेल्या रक्ताचा, सोनेरी सैन्याच्या सर्व दलांचा आणि काळा रंग गमावलेल्या साथीदारांच्या दुःखाचा.

युद्ध संपतं, पण सैनिकाच्या मनातलं संपत नाही. झोप उडते, मोठा आवाज झाला की दचकायला होतं. घरच्यांना सांगावं तर शब्द सापडत नाहीत. अमेरिकेत माजी सैनिकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. अशा वेळी तेच भोगलेला माणूस शेजारी असला, तर फार समजावून सांगावं लागत नाही.

सैनिकाला सलाम करणं सोपं असतं. तो घरी परतल्यावर जेवला का, झोपला का, हे विचारणारं कुणीतरी लागतं.