पीज गावचा टीव्ही

आज आपल्या माधवगंजात प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, पण आपली गल्ली त्यात क्वचितच दिसते. पन्नास वर्षांपूर्वी गुजरातेत मात्र एक टीव्ही गावकऱ्यांचंच बोलणं दाखवत होता.

1975 साली इस्रोने खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी एक किलोवॅटचं छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू केलं. आसपासच्या सुमारे 400 गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले गेले, बरेचसे दूध सोसायट्यांत. जाहिराती नव्हत्या. आधी गावात जाऊन लोकांच्या अडचणी विचारायच्या, मग कार्यक्रम करायचा, अशी तिथली रीत. कमी मजुरी, दारू, अस्पृश्यता असे अवघड विषयही टाळले नाहीत. शेतकरी-मजूर स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलले.

1984 मध्ये युनेस्कोने या कामाचा पुरस्कार देऊन गौरव केला. पुढे मात्र हा प्रकल्प बंद पडला! कौतुक झालं, तरी केंद्राची दोरी गावाच्या हाती नव्हती.

मुलांनो, तेव्हा त्यासाठी इस्रो लागली. आज तुमचा मोबाइल पुरतो, आणि तो तुमच्याच हातात आहे. या सुटीत शेजारच्या आजींकडे जा. पण रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पीजची रीत पाळा: "आजी, तुम्हाला काय सांगायचंय?" एवढं विचारा.